ओट्यामागचा दगड

मैत्रिणींनो, दोन आठवड्यांपूर्वी तांब्या-पितळेची भांडी उजळण्याबद्दल लिहिलं होतं. त्यात शेवटी एक ओळ टाकली होती, की चिंच-मीठ लावलेलं भांडं दगडी ओट्यावर टेकवू नका, परातीत ठेवा. भांड्यांबद्दल फारसं कोणी काही विचारलं नाही, पण त्या एका ओळीवर मात्र पत्रांमागून पत्रं आली. “दगडाला काय होतंय?” असाच बहुतेकींचा सूर. तेव्हा आज दगडाबद्दलच बोलू या. त्यातही ओट्यापेक्षा ओट्यामागच्या भिंतीवर लावलेल्या दगडाबद्दल. कारण ओटा आपण दिवसातून चार वेळा पुसतो, आणि मागची भिंत बिचारी दिवाळीची वाट बघत बसते.

मिस्त्री लोक तिला ‘डॅडो’ म्हणतात. मधली बरीच वर्षं तिथे पांढऱ्या चौकोनी टाइल्सच असायच्या. आता पुन्हा दगडाची हौस आली आहे. कोणी ओट्याचाच कडप्पा भिंतीवर दीड-दोन फूट चढवून घेतं, कोणी ग्रॅनाइट लावतं, कोणी संगमरवर, तर कोणी हिरवट कोटा. दिसायला सुरेख दिसतं, यात शंका नाही. पण टाइलवर काचेसारखा पक्का लेप असतो. दगड मात्र उघड्या अंगाचा. त्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. फोडणीचं तेल उडालं की तो थोडं पितो, पाणी उडालं की तेही पितो. टाइलसारखी त्याची निगा राखायला गेलं की पंचाईत होते.

“दगडच तो, त्याला काय होतंय?” ही समजूत मला वाटतं आपल्या पाट्या-वरवंट्यानं करून दिलेली आहे. पाट्यावर पिढ्यान्‌पिढ्या चिंच वाटली, कोकमं वाटली, कैरी ठेचली. पाटा झिजला, त्याला टाकी लावून घ्यावी लागली, पण आंबटानं त्याचं काही बिघडलं नाही. कारण आपल्याकडचा पाटा काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा असतो. आपला सह्याद्री ज्या लाव्हाच्या दगडाचा झाला आहे, तोच हा. कडप्पाही काळाच, म्हणून आपण त्याला पाट्याचा भाऊ समजतो. पण कडप्पा हा चुन्याच्या घराण्यातला! आंध्र प्रदेशातल्या कडप्पा भागातून आला म्हणून त्याचं ते नाव. कर्नाटकातल्या शहाबादची शहाबादी फरशी, राजस्थानातला कोटा, हे सगळे चुनखडीचेच दगड. मकराण्याचा संगमरवरही त्यांचाच नातलग. जमिनीच्या पोटात उष्णतेनं आणि दाबानं रूप पालटलेला, एवढंच. या सगळ्यांत मुख्य पदार्थ एकच, कॅल्शियम कार्बोनेट. पानाला लावायचा चुनासुद्धा चुनखडी भाजूनच करतात. अशा दगडावर आंबटाचा थेंब पडला की तेवढा वरचा थर विरघळतो. जहाल ॲसिड असेल तर फसफसताना दिसतं. लिंबू, चिंच, टोमॅटो, ताक, व्हिनेगर यांचं काम मात्र गुपचूप चालतं. ग्रॅनाइटची जात वेगळी. त्याला लिंबाबिंबाची भीती नाही.

तेव्हा आपल्या भिंतीवर कोणता दगड आहे, हे आधी ओळखा. बिल्डरनं सांगितलेल्या नावावर फार विसंबू नका. घरात उरलेला तुकडा असेल तर त्यावर, नाहीतर सिलिंडरमागच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका. दहा मिनिटांनी धुऊन कोरडं करा आणि तिरप्या नजरेनं बघा. तेवढीच जागा निस्तेज झाली असेल तर दगड चुनखडीच्या जातीचा. (ही परीक्षा भिंतीच्या मधोमध करू नका, एवढं सांगायला हवं का? पण सांगून ठेवते.)

आता डागांविषयी. आपण सगळ्यालाच डाग म्हणतो, आणि तिथेच उपाय चुकतो. दगडात काहीतरी शिरलं असेल तर तो खरा डाग. दगडाचं काहीतरी गेलं असेल तर त्याला मी चट्टा म्हणते. आणि दगडावर काहीतरी बसलं असेल तर ते नुसतं किटण. ओळखायचं कसं? संध्याकाळी दिवा बंद करून बॅटरीचा उजेड भिंतीवर आडवा टाका. तेलाचा डाग गडद दिसतो, भिंत ओली केली तरी गडदच राहतो, आणि हाताला काही लागत नाही. आंबटाचा चट्टा फिका, निस्तेज. ओला केला की दिसेनासा होतो, वाळला की पुन्हा हजर. पाण्याच्या क्षाराचं किटण नखाला खरखरीत लागतं. आणि तारेच्या घासणीनं पडतात त्या रेघा. बारीक, हात जसा फिरला तशा.

हे सगळं इतकं बारकाईनं सांगते आहे, कारण सांगलीच्या एका भगिनींचं पत्र समोर आहे. त्यांच्या घरी नवा कडप्पा बसवून तीनच महिने झाले. हौसेनं, कर्ज काढून केलेलं काम. आणि नळाच्या डाव्या हाताच्या भिंतीवर पांढुरके चट्टे पडले. सासूबाईंचं म्हणणं, कामाला येणाऱ्या मावशी तारेची घासणी मारतात. मावशींनी देवाची शपथ घेऊन सांगितलं, की मी भिंतीला घासणी लावलेलीच नाही. तरी पगारातून पाचशे रुपये कापले गेले, आणि आता मावशींना काढून टाकायचं घाटतं आहे. अकरा वर्षं त्या या घरात येताहेत. पत्राच्या शेवटी प्रश्न एकच आहे : “हे चट्टे कशाचे, ते दगडाकडे बघून सांगता येतं का?”

ताई, येतं. तुम्हीच पत्रात लिहिलं आहे, की चट्टे गोलसर आहेत आणि त्यांतल्या काहींचे ओघळ खाली उतरलेले आहेत. आणि त्यांच्या बरोब्बर वर खिळ्यांची पट्टी आहे. तिथे किसणी, गाळणी आणि लिंबू पिळायचं यंत्र टांगलेलं असतं. घासणीनं रेघा पडतात, ओघळ पडत नाहीत. लिंबू पिळून यंत्र नुसतं पाण्याखाली धरायचं आणि ओलंच अडकवायचं, असं तुमच्याकडे होत असणार. राहिलेला रस थेंबथेंब भिंतीवर उतरतो, आणि कडप्पा तो निमूटपणे सोसतो. मावशींचा यात काडीचाही संबंध दिसत नाही.

आता सासूबाईंना हे सांगायचं कसं, हा दगडापेक्षा अवघड प्रश्न! “तुमचं चुकलं” असं म्हणायला जाऊ नका. मिस्त्रीनं ठेवलेला कडप्पाचा एखादा तुकडा माळ्यावर असेलच. तो धुऊन-पुसून ओट्यावर ठेवा, आणि “दगडाला सीलर लावायचा आहे, आधी बघायला सांगितलंय” असं म्हणून सगळ्यांसमोर त्यावर लिंबाची फोड पालथी घाला. एका बाजूला तारेची घासणी दोन वेळा ओढा. पंधरा मिनिटांत दोन्ही खुणा शेजारी-शेजारी दिसतील, आणि भिंतीवरची खूण कुठल्या खुणेशी जुळते, हे सासूबाईच सांगतील. कापलेले पाचशे रुपये त्याच महिन्यात मावशींच्या हातात पडतील असं बघा. ते सणाची बक्षिसी म्हणून देऊ नका. पगारातले पैसे म्हणूनच द्या. आणि ती खिळ्यांची पट्टी तिथून काढून मोरीच्या बाजूला लावा.

बरं, रोजचं काम. त्यात फार काही नाही. रात्रीचा स्वयंपाक आटोपला, शेगडी थंड झाली, की कोमट पाण्यात भांड्यांच्या पातळ साबणाचे दोन-चार थेंब घाला, मऊ सुती कपडा त्यात पिळून भिंत पुसा, मग साध्या पाण्याच्या कपड्यानं, आणि शेवटी कोरड्यानं. तीन कपडे लागतात, मान्य आहे. पण दोन मिनिटांचं काम. कोरडं करणं विसरू नका, निम्मी निगा तिथेच आहे. फोडणीचं तेल ताजं असतं तोवर चटकन निघतं. रोजच्या आचेनं तापून-तापून ते वार्निशासारखं घट्ट बसलं, की मग घासणी हातात घ्यावीशी वाटते. महिन्यातून एकदा सगळी भिंत धुवायची झाली तर ओलं करताना खालून वर जा, म्हणजे मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या दगडात मुरत नाहीत. पुसताना वरून खाली. विजेचे बोर्ड बहुतेकींच्या याच भिंतीवर असतात. त्यांच्या आसपास ओला कपडा नको, फवाऱ्याची बाटली तर मुळीच नको. भिंत धुवायची त्या दिवशी मिक्सर-बिक्सरच्या पिना काढून स्वयंपाकघराचा विजेचा स्विचच बंद करा, आणि रेग्युलेटरही.

भांड्यांच्या साबणाची वडी भिंतीला लावू नका. तिच्यावर लिंबाचं चित्र आहे म्हणून नव्हे. भांडं घासलं जावं यासाठी तिच्यात बारीक कणी घातलेली असते. तीच गोष्ट भांडी घासायच्या पावडरीची. आणि तारेच्या घासणीचे बारीक तुकडे सांध्यांत अडकले की गंजतात, मग ते तांबडे ठिपके काढता काढता नाकी नऊ येतात.

तेलाचा जुना डाग मात्र पुसून निघत नाही, तो ओढून काढावा लागतो. चार चमचे खाण्याचा सोडा घ्या, पाणी घालून श्रीखंडाइतका घट्ट लेप करा, डागावर पाव इंच जाड थापा. भिंतीवरून तो घसरतो, म्हणून वर प्लॅस्टिकचा कागद लावून चारी बाजूंनी कागदी चिकटपट्टी मारा. चोवीस तास तसंच राहू द्या. मग प्लॅस्टिक काढा आणि लेप पूर्ण वाळू द्या. हे वाळणंच महत्त्वाचं, कारण वाळताना लेप दगडातलं तेल आपल्याकडे ओढून घेतो. लाकडी उलथन्यानं खरवडून साध्या पाण्यानं धुवा. एकदा लावून डाग फिका झाला पण गेला नाही, तर पुन्हा लावा. तीन-चारदाही लावावा लागतो. पहिल्याच दिवशी “काही उपयोग नाही” म्हणून सोडून देऊ नका. सोड्याऐवजी मुलतानी मातीही चालते. ती तेल शोषण्यात पटाईत आहे. पुरातत्त्व खात्यानं १९९४ पासून अनेकदा ताजमहालाच्या पिवळट पडलेल्या संगमरवराला मुलतानी मातीचेच लेप दिले आहेत. आपण चेहऱ्याला लावतो, तीच माती! फक्त पांढऱ्या संगमरवरावर आधी कोपऱ्यात लावून बघा, मातीचा रंग मागे राहत नाही ना ते.

हळदीची गंमत वेगळी. कडप्प्यावर ती दिसत नाही, पण संगमरवरावर आणि फिक्या कोट्यावर उठून दिसते. साबण लावला की ती लालभडक होते, आणि नवी सून असेल तर घाबरते! घाबरायचं काही कारण नाही. सोड्या-साबणाच्या खारानं हळद तांबडी होते, धुतल्यावर पुन्हा पिवळी. ऊन लागलं तर हळदीचा रंग आपोआप उडतो, म्हणून खिडकीतून ऊन येणाऱ्या भिंतीवर दोन-चार दिवस नुसती वाट बघितली तरी काम होतं. ऊन येत नसेल तर वरच्याच लेपात पाण्याऐवजी केमिस्टकडे मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड घाला. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. हा उपाय फक्त फिक्या दगडाला. काळ्या दगडाला लावलंत तर त्याचाच रंग उतरायचा.

पाण्याच्या किटणाबद्दल सातारा, नगर, सोलापूर अशा बऱ्याच ठिकाणांहून विचारणा आहे. बोअरचं पाणी घरोघर आलं आहे ना. नळामागच्या भिंतीवर पांढरा थर चढतो. टाइलवरचा थर आपण व्हिनेगरनं काढतो. ग्रॅनाइटवरही थोडं पातळ करून चालेल, लगेच धुवायला हवं. पण कडप्पा आणि संगमरवर यांच्याबाबतीत खरी अडचण आहे : तो थरही कॅल्शियम कार्बोनेटचा आणि दगडही त्याचाच. थर खाणारं व्हिनेगर दगडाला कसं सोडील? तिथे जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाची कड घेऊन, जागा ओली करून, हलक्या हातानं खरवडणं एवढंच हाती आहे. आणि रोज नळाचा भाग कोरडा करणं.

एका गोष्टीबद्दल मात्र मी स्पष्टच बोलणार आहे. नवं काम झालं की सिमेंटचे डाग काढायला मिस्त्री ॲसिड मारतो, आणि उरलेली बाटली आपल्याकडे ठेवून जातो. “ताई, काही चिकटलं तर थोडं टाका.” ती बाटली स्वयंपाकघरात ठेवू नका. चुनखडीच्या दगडावर ते ॲसिड पडलं की डोळ्यांदेखत फेस येतो आणि दगड कायमचा खरबरीत होतो. पण दगडाचं सोडा, ते दुरुस्त होईल. ही बाटली बऱ्याच घरांत पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत भरलेली असते, आणि लहान मूल रंग बघून झाकण उघडतं. आणखी एक. आदल्या दिवशी ॲसिड मारून काम झालं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यावरच ब्लीचिंग पावडर टाकायची, असं करणाऱ्या बायका मला माहीत आहेत. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. दार-खिडकी लावलेल्या लहानशा स्वयंपाकघरात तो फुप्फुसांना जाळतो. असं चुकून झालंच तर पाणी ओतत बसू नका. आधी मुलांना घेऊन बाहेर पडा, आणि खोकला किंवा धाप लागली असेल तर तडक दवाखाना गाठा. संडास धुवायचं ॲसिडही याच जातीचं आहे, तेही ओट्याकडे आणू नका. हे काम आपण मावशींना सांगत असू, तर त्यांनाही हे समजावून सांगायला हवं. श्वास त्यांचाही तोच.

आता चकाकी. कडप्प्याला खोबरेल तेल चोळायची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि चोळल्यावर तो कसा काळाभोर दिसतो, हे मी नाकारणार नाही. बैठकीतल्या खिडकीच्या कट्ट्याला खुशाल चोळा. शेगडीमागे मात्र नको. तिथे तेल तापतं, चिकट होतं, धूळ धरतं, वास मारतं आणि झुरळांना आमंत्रण देतं. आधीच चोळून-चोळून थर साचला असेल तर अर्धी बादली गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून, हातमोजे घालून, कपड्यानं पुसून काढा आणि साध्या पाण्यानं दोनदा धुवा.

तेलाऐवजी दगडात मुरणारा सीलर लावून घ्यावा. गरज आहे का, ते ओळखायला भिंतीवर ओला कापूस दहा-पंधरा मिनिटं धरून ठेवा. खालचा दगड गडद झाला तर तो पाणी पितो आहे, सीलर लावायची वेळ झाली. पॉलिश केलेलं काळं ग्रॅनाइट बहुधा इतकं घट्ट असतं, की त्याला लागतही नाही. दगड स्वच्छ आणि पूर्ण कोरडा हवा. सीलर लावून, डब्यावर लिहिलेली मिनिटं थांबून, वर राहिलेला वाळायच्या आत पुसून घ्यायचा, नाहीतर धुरकट पापुद्रा धरतो. दुकानदार वार्निशासारखा चकचकीत लेप दाखवेल, तो घेऊ नका. शेगडीच्या आचेनं तो पिवळा पडून सुटतो. आणि “ताई, हे लावलं की लिंबूसुद्धा चालतं” असं म्हणाला तर हसून सोडून द्या. मुरणारा सीलर तेल आणि हळद आत शिरू देत नाही, पण आंबटानं वरचा थर खायचा तो खातोच.

पडलेले चट्टे घालवायला पुन्हा पॉलिशच लागतं. संगमरवरावरच्या लहानशा चट्ट्याला दगडाच्या दुकानात मिळणारी टिन ऑक्साइडची पॉलिश पावडर ओल्या कपड्यानं चोळून बघता येते. कडप्प्याला मात्र घरी प्रयोग नको, कारण घासलेली जागा भोवतालच्या दगडाशी जुळत नाही. मिस्त्रीला बोलवा, आधी एका कोपऱ्यात करून दाखवायला सांगा. चट्टे फार असतील तर सगळी भिंतच कमी चकाकीची, मऊ घोटलेली करून घ्यायचा विचार करा. त्यावर पुढचे चट्टे पडले तरी फारसे दिसत नाहीत, आणि काळा दगड तसाही देखणा दिसतो. माझं मत विचाराल तर शेगडीमागे हेच बरं.

शेवटचं, पावसाळ्याचं. दगडाच्या सांध्यांतून पांढरी, कापसासारखी भुकटी यायला लागली तर तो लोणा. तो पाण्यानं धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा आत शिरतो आणि चार दिवसांनी परत येतो. कोरड्या ब्रशनं झाडून काढा, आणि पलीकडे कोणाची न्हाणी आहे, भिंतीतून कुठला पाइप जातो, ते बघायला प्लंबरला बोलवा. ओल थांबल्याशिवाय सीलरही लावू नका. ओटा आणि भिंत यांच्यामधला सांधा तडकला असेल तर तोही त्याच वेळी भरून घ्या. पाणी बऱ्याचदा तिथूनच आत जातं.

पुढच्या आठवड्यात लोखंडी तवा आणि बिडाची कढई. गंजलेली असेल तर फेकू नका, तोवर तशीच ठेवा.